आजीची वही: नातवंडं, सण, घर आणि हक्क

रविवारची उपासना सुटली की आमच्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, चर्चच्या आवारात कडुनिंबाखालची दोन बाकं भरतात. पहिली दहा मिनिटं गुडघ्यांची आणि नातवंडांच्या कौतुकाची. मग कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, “मुलगा म्हणतो, फ्लॅट आत्ताच नावावर करून दे. करू का?” दुसरी म्हणते, “सूनबाई कामावर परत जाणार, बाळाला तुम्हीच बघा म्हणते. नाही कसं म्हणायचं?” तिसरीला घोर असतो की नात हिंदू घरात वाढतेय, तिला येशूच्या गोष्टी सांगितलेल्या चालतील का. आणि चौथीचा सात्त्विक संताप, “बाळाला गुटी देऊ देत नाहीत. आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?”

वर्षानुवर्षं प्रश्न हेच, फक्त बाकावरची माणसं बदलतात. मला चार नातवंडं आहेत. दोन इथे, एक पुण्याला, एक न्यू जर्सीला. चौघांच्या पायी मी हे सगळे प्रश्न घरी अनुभवले आहेत. त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. घरात धुसफुस होते ती प्रेम कमी पडतं म्हणून नव्हे, तर प्रत्येकजण मनात काहीतरी गृहीत धरून बसतो म्हणून. यावर माझा उपाय दोन पायऱ्यांचा आहे: आधी बोलून घ्या, मग लिहून ठेवा. त्यासाठी एक दोनशे पानी वही आणा. ती कशी भरायची, ते क्रमाने सांगते.

१. नातवंडं सांभाळायची? आधी बोलणी करा

पहिली गोष्ट, आजीने नातवंडं सांभाळलीच पाहिजेत अशी सक्ती कोणताही कायदा करत नाही. हे प्रेमाचं काम आहे, आणि प्रेमाचं काम टिकायचं तर ते झेपेल एवढंच अंगावर घ्यावं. तुमच्यापुढे साधारण तीन पर्याय असतात:

- पूर्ण वेळ सांभाळणं. तब्येत ठणठणीत असेल, घरात मदतीला आणखी कुणी असेल, तरच हे घ्या. दीड वर्षाच्या मुलामागे दिवसभर धावणं म्हणजे शेतावरच्या कामाइतके कष्ट आहेत.
- अर्धा दिवस पाळणाघर, अर्धा दिवस आजी. बहुतेक घरांना हाच बेत मानवतो. मुलाला सवंगडी मिळतात आणि तुम्हाला दुपारची झोप.
- अडीनडीला हाक. आजारपण, परीक्षा, परगावचा प्रवास. तब्येत साथ देत नसेल तर एवढंच कबूल करा आणि तेवढं मनापासून करा.

पर्याय ठरला की मुलगा-सून किंवा लेक-जावई यांच्यासमोर बसून या गोष्टी बोला आणि वहीत लिहा:

1. कोणते वार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?
2. तुमची सुट्टी कोणती? रविवारची उपासना, महिला मंडळाची सभा, डॉक्टरची तारीख या वेळा आधीच राखून ठेवा.
3. दूध, फळं, रिक्षा, डायपर यांचा खर्च कोण करणार? महिन्याच्या एक तारखेला एका डब्यात पैसे ठेवण्याची पद्धत सोपी पडते. मागावं लागत नाही.
4. बाळ आजारी पडलं तर कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं? त्यांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.
5. शिस्तीचा शेवटचा शब्द कुणाचा? तो आईबापांचाच असू द्या.
6. तीन महिन्यांनी पुन्हा बसून बोलायचं, हेही आत्ताच ठरवून टाका.

नाही म्हणायचं असेल तर कारणांची माळ लावू नका. “बाळावर माझा जीव आहे, पण रोजचं मला झेपणार नाही. मंगळवार आणि शुक्रवार मी घेते, बाकीच्याचं आपण मिळून बघू,” एवढं पुरतं. नकाराबरोबर काहीतरी देऊ केलं की नकार बोचत नाही.

दोन चुका टाळा. मुलासमोर त्याच्या आईच्या पद्धतीला नावं ठेवू नका. आणि “आईला सांगू नकोस हं” म्हणून चॉकलेट देऊ नका. चॉकलेट पोटात जातं, पण मोठ्यांशी लपवाछपवी करायची सवय राहून जाते. पुढे कुणी वाईट माणूस “आईला सांगू नकोस” म्हणाला, तर त्या लेकराला तो शब्द ओळखीचा वाटायला नको.

२. बाळाचं खाणंपिणं: काय ठेवायचं, काय सोडायचं

आपल्या आयांनी जे दिलं ते मायेनेच दिलं. पण आज डॉक्टरांना जे ठाऊक आहे, ते तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून मी वहीत दोन रकाने केले.

सोडायचं:

- पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी, गुटी, ग्राइपवॉटर, मधाचं बोट, काही नाही. औषध द्यायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच.
- वर्षभर मध अजिबात नाही. त्यातले जंतू तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात.
- डोळ्यात काजळ, नाकाकानात तेल नाही.
- अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं लहान मुलांना नाहीत. घशात अडकतात. कूट करून, कुस्करून द्या.

ठेवायचं:

- हलक्या हाताची मालिश, अंगाई, मांडीवरची झोप.
- सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज, मऊ भात-वरण, शिजवून कुस्करलेली भाजी.
- जेवणापूर्वीची छोटी प्रार्थना. माझा चार वर्षांचा नातू घरातल्या सगळ्यांची नावं घेतो, मग मांजराचं, मग म्हणतो, “प्रभू, कुकरची शिट्टी लवकर होऊ दे, आमेन.” मला ती प्रार्थना अगदी मनापासूनची वाटते. पोरगं भुकेलं आहे आणि सांगायचं कुणाला, हे त्याला ठाऊक आहे.

यात एक गोष्ट माझ्या घरातली सांगायलाच हवी. रक्तदाबाच्या गोळ्यांचा माझा आठवड्याचा डबा असतो. सात खणांचा, पारदर्शक झाकणांचा. एका दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर दोन वर्षांची नात खाटेवर बसून मंगळवारचं झाकण उघडत होती. गुलाबी गोळी तिच्या चिमटीत होती आणि ती मला दाखवत होती, “आजी, गोई.” गोळी तोंडात गेली नव्हती, ही देवाची कृपा. त्या दिवसापासून डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. तुम्हीही आज उठून बघा, तुमच्या गोळ्या, मलमं, डोळ्यांचे थेंब, फिनेल, रिमोटची छोटी बटणासारखी बॅटरी कुठे आहे. लहान मुलाचा हात जिथे पोहोचतो, तिथे यातलं काहीही नको. पिशवीसुद्धा बघा. पाहुण्या आजीची पर्स जमिनीवर असते आणि गोळ्या तिच्यातच असतात.

३. दोन धर्मांच्या घरातली आजी

लेकीने किंवा लेकाने दुसऱ्या धर्मातला जोडीदार निवडला असेल, तर आजीपुढे सगळ्यात नाजूक प्रश्न असतो तो श्रद्धेचा. इथे मला तीमथ्याची आठवण होते. त्याची आई युनीके यहूदी होती आणि वडील हेल्लेणी, म्हणजे तेही मिश्र घरच. तरी पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात विश्वासाचा उगम सांगताना पहिलं नाव घेतलं ते लोईस आजीचं. तिने घरात भांडण मांडलं असं कुठे दिसत नाही. तिचं जगणं नातवाला दिसत होतं. आपणही तेवढं नक्की करू शकतो.

व्यवहारात एवढं पाळा:

- बाप्तिस्म्याचा निर्णय आईबापांचा. त्यांना न विचारता, लपूनछपून काही करू नका. पाळकसाहेबांशी बोलायचं ते दोघांना घेऊन बोला.
- गोष्टी सांगायच्या तर विचारून सांगा. “मी तिला झोपताना बायबलमधल्या गोष्टी सांगते, चालेल ना?” एवढं विचारलं की बहुतेक घरांतून होकारच येतो. दावीद आणि गल्याथ, नोहाचं तारू, हरवलेलं मेंढरू या गोष्टी मुळातच इतक्या सुंदर आहेत की मूल दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागतं.
- सण आधी वाटून घ्या. नाताळची रात्र आणि सकाळ इकडे, दिवाळीचं लक्ष्मीपूजन तिकडे, असं ऑक्टोबरातच ठरवा. विहीणबाईंना करंज्यांना बोलवा. करंजी त्यांच्याकडेही होते, आपल्याकडेही. दोघी एका पाटाशी बसल्या की अर्धे गैरसमज तिथेच विरतात.
- व्याह्यांच्या देवाधर्माबद्दल मुलासमोर वावगा शब्द नको. मुलाला दोन्ही आज्या हव्या असतात.

आणि दोन गोष्टी कागदपत्रांच्या. बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे जन्माचा दाखला नव्हे. जन्माची नोंद २१ दिवसांत नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायतीत झालेली असलीच पाहिजे. दुसरं, लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल आणि जोडीदार वेगळ्या धर्मांचे असतील, तर त्या दोघांच्या आणि त्यांच्या मुलांच्या मालमत्तेला १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मुलांना हे आजच सांगून ठेवा, पुढे वाद टळतील.

४. दूरदेशीची नातवंडं

स्क्रीनपासून लहान मुलांना दूर ठेवा, असं सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. पण भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हणताना नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला सूट दिली आहे. म्हणजे आजीचा कॉल वर्ज्य नाही. तो कसा करायचा, ते महत्त्वाचं:

- वेळ ठरलेली असावी. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. या दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरात दरवर्षी खुणा करून ठेवा.
- पंधरा मिनिटं पुरेत. मूल उठून गेलं तर जाऊ द्या. रागावू नका.
- परीक्षा घेऊ नका. “मला ओळखलंस का? मराठीत बोल ना!” म्हटलं की मूल गप्प होतं. त्यापेक्षा हातात काहीतरी धरा. भोपळा, मांजराचं पिल्लू, पोळपाट. “हे काय आहे?” हा प्रश्न मूल तुम्हालाच विचारील.
- एक गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगा. योसेफाचा रंगीत झगा आम्हाला पाच आठवडे पुरला. भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात तिथे मी थांबले, तर पुढच्या शनिवारी पोरगा दात न घासताच स्क्रीनसमोर हजर.

५. हातातलं कागदावर उतरवा

डिसेंबर लागला की आमच्याकडे नानकटाई होते. पीठ घरी मळायचं, पत्र्यांवर गोळे मांडायचे आणि बेकरीच्या भट्टीवर न्यायचे. परवाच्या नाताळात पुण्याची नात मदतीला होती. तिने फोनमध्ये लिहायला घेतलं, “आजी, तूप किती?” मी म्हटलं, अंदाजाने. “रवा?” एक मूठ. “कुणाची मूठ?” तिने विचारलं आणि मी थांबले. प्रश्न बरोबर होता. माझी मूठ माझ्याबरोबर जाणार.

मग आम्ही एक युक्ती केली. मी नेहमीप्रमाणे अंदाजाने काढायचं आणि ते परातीत जाण्याआधी तिने वजनकाट्यावर ठेवायचं. माझी रव्याची मूठ भरली साठ ग्रॅम. अर्धा किलो मैद्याला तूप आणि पिठीसाखर प्रत्येकी तीनशे ग्रॅम निघाली. तूप हाताने किती फेसायचं, याला मात्र वजन नसतं. तिथे तिने लिहिलं, “पांढरं होईपर्यंत. पाण्यात थेंब टाकला तर तरंगला पाहिजे.” आता ती नानकटाई माझ्याशिवायही होईल. तुमच्या घरातले पाच पदार्थ निवडा आणि असेच लिहून घ्या. केकचं, करंजीच्या सारणाचं, रविवारच्या रश्श्याच्या मसाल्याचं प्रमाण.

आठवणींचंही तसंच. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याने करून दिली. तरी १९३४पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने छापून आली आणि मराठीतली एक थोर आत्मकथा ठरली. पुढे त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी तिची संपादित आवृत्ती सिद्ध केली. आजीने लिहिलं म्हणून नातवाच्या हाती काही आलं. तुम्हाला ग्रंथ लिहायचा नाही, फक्त या प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत:

1. तुमचं घराणं मूळ कोणत्या गावचं? ख्रिस्ती कधी आणि कसं झालं?
2. आजोबा-आजींची नावं, त्यांचं काम.
3. तुमच्या लहानपणी नाताळ कसा व्हायचा?
4. शाळा, वसतिगृह, पहिली नोकरी, पहिला पगार.
5. लग्न कसं ठरलं?
6. घरावर आलेला सगळ्यात कठीण काळ, आणि कुणी हात दिला?
7. कोणतं गीत तुम्हाला तोंडपाठ आहे आणि ते कुणी शिकवलं?

लिहिवत नसेल तर नातवंडाला फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. एका वेळी एकच प्रश्न, वीस मिनिटं. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, पेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. घराण्याच्या तारखा आठवत नसतील तर जुन्या चर्चच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्यांत त्या सापडू शकतात. चर्चच्या कार्यालयात नाव आणि अंदाजे साल देऊन अर्ज करा.

६. घर आणि पैसा: मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

मृत्युपत्र केलंच नाही तर? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबाला १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. नवरा गेला आणि मागे बायको आणि मुलं असतील, तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे. मुलगा-मुलगी भेद नाही, लग्न झालेल्या लेकीलाही तेवढंच. बायकोच्या माघारी नवऱ्यालाही हाच नियम. एखादं मूल आधी वारलं असेल तर त्याचा वाटा त्याच्या मुलांना जातो.

पण दोन खाचा लक्षात ठेवा. विधवा सुनेला सासूसासऱ्यांच्या मालमत्तेत स्वतःचा वाटा या कायद्याने मिळत नाही. आणि मुलगा मुलंबाळं मागे ठेवून गेला, तर त्याच्या मालमत्तेत आईला वाटा नसतो. तुम्हाला सांभाळणाऱ्या विधवा सुनेची सोय करायची असेल, तर मृत्युपत्र करण्याला पर्याय नाही.

मृत्युपत्र कसं करायचं?

1. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. स्वतःच्या हाताने लिहिलं तर उत्तम.
2. घर, जमीन, बँकेतल्या ठेवी, दागिने यांची यादी करा. कुणाला काय, ते स्पष्ट नावानिशी लिहा.
3. अंमलबजावणी कोण करील त्याचं नाव लिहा.
4. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. तारीख घाला, प्रत्येक पानावर सही करा.
5. ज्याला काही द्यायचं आहे, त्याला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला साक्षीदार करू नका. लेकीला घर दिलं आणि साक्षीदार म्हणून जावयाने सही केली, तर लेकीला दिलेलं ते घर कायद्याने रद्द ठरतं. शेजारी किंवा मंडळीतले विश्वासू लोक निवडा.
6. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वय जास्त असेल तर मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा.
7. जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येतं. शेवटचं मृत्युपत्र खरं धरतात. मात्र उतारवयात पुन्हा लग्न केलंत तर आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, नवीन करावं लागतं.

चर्चला किंवा अनाथाश्रमाला काही द्यायचं असेल तर मोकळ्या मनाने लिहा. ख्रिस्ती माणसाच्या धर्मादाय दानावर पूर्वी कायद्याने अटी होत्या, त्या सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर, हेही ख्रिस्ती मृत्युपत्राला २००२पासून सक्तीचं नाही.

बक्षीसपत्राचं काय? बक्षीसपत्राने घर आजच दुसऱ्याच्या नावावर होतं. मुलांना आणि नातवंडांना राहतं घर देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, म्हणून पुष्कळजण घाई करतात. पण एकदा नोंदलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. म्हणून माझं सांगणं असं:

- शक्यतो हयातीत घर स्वतःच्या नावावर ठेवा आणि मृत्युपत्र करा.
- द्यायचंच असेल, तर “मला हयातभर या घरात राहू द्यायचं आणि माझं खाणंपिणं, औषधपाणी बघायचं” ही अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या. तोंडी वचन पुरत नाही. अट लिहिलेली असेल आणि ती मोडली, तर २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३खाली बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं.
- कोऱ्या कागदावर आणि न वाचलेल्या कागदावर सही नाही. मुलगा असला तरी नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेच्या खात्यावर १ नोव्हेंबर २०२५पासून चार नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी पैसे फक्त हाती घेतो, ते वारसांचे किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांचे असतात.

गोव्यातल्या वाचकांनो, तुमच्याकडे वारशाचे नियम वेगळे आहेत. तिथे मुलं असताना अर्धी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते, मृत्युपत्राने फक्त उरलेली अर्धी देता येते. वरचे नियम तिथे लावू नका.

७. घरात हाल होत असतील तर

हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिणं भाग आहे. बाकावरची एखादी आजी अचानक उपासनेला यायची थांबते, आणि महिन्याने कळतं की तिला घरातून निघूच देत नाहीत. आपली मुलं आहेत, चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून ती गप्प असते. सहन करत राहणं म्हणजे क्षमा नव्हे. क्षमा मनात करता येते आणि अर्ज कार्यालयात देता येतो.

- साठ वर्षांवरील व्यक्तीला २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली सज्ञान मुलांकडून आणि नातवंडांकडून निर्वाह मागता येतो. मुलंबाळं नसतील तर ज्या नातेवाइकाला तुमची मालमत्ता मिळणार आहे किंवा मिळाली आहे, त्याच्याकडून.
- अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात, द्यायचा. वकील लावावाच लागतो असं नाही. स्वतः जाणं होत नसेल तर दुसऱ्याला अधिकार देऊन पाठवता येतं.
- निर्वाहाची मर्यादा दरमहा १०,००० रुपयांपर्यंत आहे. विरुद्ध बाजूला नोटीस गेल्यावर ९० दिवसांत निकाल लागावा, असं कायदा सांगतो. तोवर अंतरिम रक्कमही मागता येते.
- ज्येष्ठांना सोडून देणं हा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.
- तातडीची मदत किंवा माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तुमच्या शेजारची आजी गप्प झाली असेल, तर तिच्या दाराशी जा. नानकटाईचा डबा हातात असला की कुणी दार लावून घेत नाही.

८. शेवटच्या निरोपाचं

हा विषय निघाला की मुलं म्हणतात, “आई, कशाला ते अभद्र!” त्यांना सांगा, “यात अभद्र काही नाही. त्या दिवशी तुम्ही गोंधळू नये, म्हणून मी आज सांगते.” वहीच्या शेवटच्या पानावर लिहा:

- दफन कुठे, कुटुंबाची कबर असेल तर तिची पावती कुठे आहे.
- कोणती गीतं गायची, कोणता शास्त्रपाठ वाचायचा.
- नेत्रदान किंवा अवयवदान करायचं असेल तर घरच्यांना आजच सांगा. नुसता फॉर्म भरून भागत नाही, त्या वेळी संमती घरचेच देतात. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं.
- खर्चाचा बडेजाव नको असेल तर तेही स्पष्ट लिहा. मुलांच्या डोक्यावरचं लोकांच्या बोलण्याचं ओझं तुमच्या एका ओळीने उतरतं.

या आठवड्यात एवढंच करा

1. सोमवार: वही आणा. पहिल्या पानावर डॉक्टर, मुलं आणि १४५६७ हे नंबर लिहा.
2. मंगळवार: गोळ्या वरच्या फळीवर ठेवा.
3. बुधवार: बँकेत जाऊन नॉमिनीचं नाव तपासा. वीस वर्षांपूर्वी लावलेला नॉमिनी आज हयात आहे का, तेही बघा.
4. गुरुवार: मालमत्तेची यादी करा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार कोण, ते ठरवा.
5. शुक्रवार: एक पदार्थ वजनाने करून लिहा.
6. शनिवार: नातवंडाला एक आठवण सांगा आणि रेकॉर्ड करून घ्या.
7. रविवार: उपासनेनंतर घरच्यांना एकत्र बसवा. जेवणाआधी नव्हे, जेवणानंतर. पोट भरलेली माणसं नीट ऐकतात. वही उघडा आणि वाचून दाखवा.

वाचून झालं की वही कुठे ठेवणार ते दोघांना सांगा, एका मुलाला आणि आणखी एका विश्वासू माणसाला. मृत्युपत्राची मूळ प्रत कुठे आहे, तेही त्याच दोघांना. माझी वही फडताळात, मोठ्या अक्षरांच्या बायबलखाली आहे. हे आता माझ्या लेकाला ठाऊक आहे आणि साठ ग्रॅमची मूठ लिहिणाऱ्या नातीलाही.